मधुहा : शिकारी पक्ष्यांचे वर्गीकरण आणि आपण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात प्रसह वर्ग आला आहे. श्येन, गृध्र व उलूक यांच्यासमवेत त्यात 'मधुहा' असे एक नाव आढळते. हे वर्णन ज्याला चपखल लागू पडते, तो पक्षी म्हणजे मधुबाज होय.

मधुबाज मुख्यत्वे मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्या पोळ्यांतील अळ्या खातो, मधही खातो. त्याच्या डोळ्यांभोवतीची पिसे आखूड, ताठ व खवल्यांसारखी असल्याने दंशापासून रक्षण होते. नखे फारशी वाकडी नसतात. ती पोळे उकरण्यास सोयीची असतात. मात्र त्याचा पिसारा पुष्कळदा मोरघारेसारखा दिसतो, त्यामुळे जाणकारही फसतात.

चरकांनी प्रसह वर्ग रचला तो भक्ष्य बळाने हिसकावून खाण्याच्या रीतीवरून. म्हणूनच त्यात सिंह, मार्जार आणि कावळा एकत्र येतात. मांसाचे गुणकर्म सांगणे हा तेथील हेतू असल्याने ही रचना सयुक्तिकच आहे. निसर्गशास्त्रज्ञांचा हेतू निराळा. लिनियसने 1758 मध्ये चोच व पंजे पाहून गिधाडे, ससाणे, घुबडे, इतकेच नव्हे तर खाटीक पक्षीही एकाच गणात घातले. पुढे घुबडे व खाटीक वेगळे झाले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक जनुकीय अभ्यासाने तर ससाण्याचे नाते बाजापेक्षा पोपटाशी अधिक जवळचे असल्याचे दाखविले. मधुबाज मात्र घार-गरुडांच्याच कुळात राहिला. समान वृत्तीमुळे समान रूप येते. पण समान रूप म्हणजे समान कूळ नव्हे.

हा विषय आपल्या दुकानाच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. रस्त्याकडेच्या उंच, सरळ आसूपालवालाही लोक 'अशोक' म्हणतात. त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावाने बाजारात येते. वास्तविक हे दोन वृक्ष भिन्न कुळांतील आहेत. रक्तप्रदराच्या रुग्णेस अशोकारिष्ट देताना आपण ज्या गुणाची अपेक्षा धरतो, तो नुसत्या नावाने येत नाही.

गुणकर्मानुसार वर्गीकरण चिकित्सेसाठी, तर कुळानुसार वर्गीकरण ओळख पटविण्यासाठी. दोहोंची गल्लत न करता दोन्ही वापरावीत. म्हणून औषधी विक्रेत्यांनी साल घेताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव पावतीवर लिहून घ्यावे, आणि वैद्यांनी ते आवर्जून विचारावे. पक्षिनिरीक्षक पिसाऱ्यावर विसंबत नाही. आपणही केवळ नावावर विसंबू नये.