पदवी आणि परवाना

जुन्या शहरातील रोगी मोर्णेचा पूल ओलांडून सर्वोपचार रुग्णालयात जावो, अथवा राजराजेश्वराच्या देवळाजवळील एखाद्या दवाखान्याची पायरी चढो. समोर बसलेल्या डॉक्टराची पारख त्याला करता येत नाही. वांगे दाबून घेता येते, कापड चोळून घेता येते. औषधाची चिठ्ठी मात्र भरवशावरच घ्यावी लागते. पाटीवरील पदवी व नोंदणीक्रमांक, एवढाच काय तो आधार.

हा क्रमांक मिळण्यापूर्वी, विद्यापीठाच्या परीक्षेखेरीज देशभर एकच अशी कसोटी असावी, असे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने ठरविले. ती तीन वर्षांत सुरू व्हावयाची होती. २०२३ च्या जुलैमध्ये तिची नुसती रंगीत तालीमही पुढे ढकलावी लागली. परदेशांत शिकून आलेल्यांना मात्र २००२ पासून ३०० पैकी १५० गुण मिळविल्याविना नोंदणी नाही, आणि त्यांतील बहुसंख्य तेथेच अडतात. रोग्याच्या दृष्टीने ह्या भेदाला अर्थ काय?

विद्यार्थ्यांचा विरोध केवळ परीक्षेच्या भयापोटी आहे, असे आम्ही मानीत नाही. वॉर्डात घालवावयाचे वर्ष शिकवणीवर्गांत जाईल, ही त्यांची भीती खरी आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेचे काय झाले ते सर्वांनी पाहिलेच; जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून २०२३ साली पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली! प्रवेशाची परीक्षा क्रम लावते, तिची रेषा सरकली तर एक वेळ चालेल. परवान्याची रेषा सरकता उपयोगी नाही.

नियोजित परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला पर्यायांवर खुणा करण्याचा, दुसरा रोग्याच्या खाटेशी. आमच्या मते आरंभ दुसऱ्यापासून व्हावा. अकोल्याच्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना यवतमाळच्या रुग्णालयात, ज्यांनी त्यांना शिकविले नाही अशा परीक्षकांनी तपासावे, आणि यवतमाळच्यांना अकोल्यास. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषाने शेतकरी व मजूर दगावले, हे वऱ्हाडात कोणास सांगावयास नको. असा घामाने चिंब, धापा टाकणारा मजूर अपरात्री समोर आणल्यास प्रथम काय पाहावयाचे, ॲट्रोपिन किती द्यावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे त्या परीक्षेत विचारले जावे.