बर्फाळ डोंगरवाटेसाठी वाहन कोणते?

हिमाचल प्रदेशात २०२० साली अटल बोगदा खुला झाला आणि ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड न ओलांडता लाहौलला जाता येऊ लागले. पण बोगद्यापलीकडे चिखल, ओढे आणि बर्फ आहेतच. अशा वाटेसाठी वाहन निवडताना पुष्कळांची नजर प्रथम इंजिनाच्या ताकदीवर जाते. वास्तविक निसरड्या वाटेवर प्रश्न ताकदीचा नसून पकडीचा असतो.

इंजिनाची शक्ती चारही चाकांना मिळाली की एकाच जोडीवर भार न पडता गाडी चढ चढते. सोबत 'लो' गिअर असेल तर उतारावर इंजिनच तिला आवरून धरते. मात्र ब्रेक दाबल्यावर ही 'फोर व्हील' कामी येत नाही. तेथे भिस्त टायरांवरच. साध्या टायरचे रबर थंडीत कडक होते. म्हणून हिवाळी टायर आणि साखळ्या हव्यात. सुमारे १,२०० किलो वजनाची जिम्नी अरुंद वळणांवर सोयीची. ओढे ओलांडायचे असल्यास तळ उंच असलेली थार बरी.

तेव्हा आधी टायर, मग गिअर, मग वजन व उंची आणि अखेरीस अश्वशक्ती पाहावी. चढणे हे निम्मेच काम. सुखरूप उतरणे हे उरलेले!