जस्ताचा क्रूस, कैसराचं सोनं

जून उजाडला की आमच्या मुलुंडच्या घरातलं पदकांचं कपाट बंद होतं, ते नवरात्रातच उघडतं. काळजी चांदीची नसते. चांदी काळवंडली तर काळवंडू दे. काळजी असते जस्ताची. आपल्या पावसाळी हवेत जस्त पांढरी भुकटी धरतं, आणि एकदा धरली की खालची अक्षरं वाचतीलच असं नाही.

हे जस्त जर्मन आहे. कैसर दुसऱ्या विल्हेल्मने डिसेंबर १९१६ मध्ये जस्ताचा 'युद्धसाह्य क्रूस' काढला. रणांगणापासून दूर, घरच्या आघाडीवर राबणाऱ्यांसाठी. तोवर ब्रिटिश नाकेबंदीने तांब्याची टंचाई झाली होती. पुढच्या वर्षी तर चर्चच्या घंटाही भट्टीत गेल्या, तिथे पदकांना तांबं कुठून मिळणार? याहून जुनं प्रशियाचं रेड क्रॉस पदक. ते १ ऑक्टोबर १८९८ला सुरू झालं, तीन वर्गांत. तिसऱ्या वर्गाचं पदक आधी कांस्याचं होतं, युद्धाच्या अखेरीस तेही जस्ताचं झालं. दोन्ही काळांतले नग दोन तळहातांवर ठेवले की साम्राज्य कसं खंगत गेलं ते वजनातच कळतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. लिलावात पैसे मोजून घेतलेत; आजोबांच्या पेटीत सापडल्याची गोष्ट इथे नाही.

जर्मन आणि मुंबई यांची गाठ मात्र खरी आहे. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि पुढच्याच वर्षी जर्मन प्लेग आयोग मुंबईत आला. त्यात जंतुशास्त्रज्ञ गाफ्की होते, मागाहून खुद्द रॉबर्ट कॉखही आले. त्या साथीत शहर सोडून माणसं साष्टीकडे पळाली. वांद्र्याच्या गल्ल्यांत प्लेग टळावा म्हणून उभारलेले क्रूस अजून उभे आहेत. सेंट झेवियर्स कॉलेजही १८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनीच काढलेलं. पहिलं महायुद्ध पेटलं तसे इथले जर्मन, मिशनऱ्यांसकट, अहमदनगरच्या छावणीत जाऊन पडले.

आणि नेमक्या त्याच युद्धात, कैसराशी लढणारं इंग्रज सरकार हिंदुस्थानात 'कैसर-ए-हिंद' नावाचं पदक वाटत होतं! कैसर हा शब्द दोघांकडे पोचला रोमच्या सीझरवरून. १८७७च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला लावलेल्या या किताबाची सूचना लाइटनर या हंगेरीत जन्मलेल्या पंडिताची. त्याच नावाचं लोकसेवेचं पदक निघालं १० एप्रिल १९००ला, म्हणजे छप्पन्याच्या दुष्काळात. दुष्काळ, प्लेग, दवाखाने, अनाथाश्रम अशा कामांसाठी ते दिलं जाई. डॉ. रखमाबाईंना ते मिळालं. ज्यांना लग्नाच्या खटल्यात कोर्टाने तुरुंगाचा धाक घातला होता, त्याच बाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत राबल्या. १९१९ मध्ये केडगावच्या पंडिता रमाबाईंनाही मिळालं. गांधीजींना १९१५ मध्ये सोन्याचं.

गांधीजींनी ते परत केलं, हे शाळेत शिकवतात. त्यासोबत आणखी दोन पदकं परत गेली, हे सहसा कुणी सांगत नाही. एक बोअर युद्धातलं, एक १९०६च्या झुलू बंडातलं, दोन्ही जखमींना वाहून नेण्याच्या कामाची. व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रावरची तारीख १ ऑगस्ट १९२०. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला असताना, सरदारगृहात टिळक गेले होते.

बोअर युद्धातल्या त्या हिंदी तुकडीत सुमारे अकराशे माणसं होती, बहुतेक गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर. पदकं मिळाली ती म्होरक्यांना. डोलीचा दांडा ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांचं काय? आमच्या छंदातला मला सर्वांत बोचणारा प्रश्न हाच आहे, आणि तो जर्मनांनाही लागू पडतो. रेड क्रॉस पदकावर धारकाचं नाव नसतं. कैसर-ए-हिंदवरही बहुधा नसतं. सोबतचं प्रमाणपत्र गेलं की पदक अनाथ होतं. म्हणून मी पदकाआधी कागद मागतो. विकणारे हसतात. शौर्यपदकांपुढे सेवापदकांना भाव कमी, त्यामुळे माझ्यासारख्या पेन्शनरालाही ती परवडतात. हा अन्यायच आहे, पण माझ्या पथ्यावर पडलेला.

नाव सापडतं ते ब्रिटिश युद्धपदकांच्या कडेवर. १८९५च्या इंडिया मेडलमध्ये लढणाऱ्याला चांदीचं, डोलीवाल्यांना आणि लष्कराबरोबरच्या नोकरांना मात्र तेच पदक कांस्यात. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी मजूर तुकड्यांनाही कांस्यच दिलं. ही वर्गवारी चीड आणणारी आहे. पण १९८० मध्ये चांदीचा भाव कडाडला तेव्हा चांदीची कितीतरी पदकं सराफांकडे आटणीला गेली. कांस्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आज संग्राहक त्याच कांस्यासाठी जास्त पैसे मोजतो.

नवशिक्यांना दोनच गोष्टी सांगतो. पदक चिंचेने घासू नका. घरातल्या समईसारखं ते लख्ख होतं आणि निम्मी किंमत घालवून बसतं. दुसरं, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून सुटणारं रसायन धातूवर हिरवं चिकट बसतं. आणि हो, शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू परदेशी धाडण्याआधी १९७२चा पुरावस्तू कायदा वाचा.

माझ्याकडचं इंडिया मेडल कांस्याचं आहे. कडा इतकी झिजलीय की दुपारी गॅलरीत, ऊन तिरपं आल्यावरच भिंगाखाली काही उमटतं. हुद्दा वाचता येतो, डोलीवाल्याचा. नावातली पहिली दोन अक्षरं दिसतात. तिसऱ्यावर कुणीतरी भोक पाडलंय, बहुधा गळ्यात दोरा ओवायला.