लेबलावरचं किल्मार्नॉक

जॉनी वॉकर ब्लॅक लेबलची जुनी मिनिएचर मुठीत सहज लपते. चौकोनी काच, फिरकीचं झाकण, तिरकं चिकटवलेलं काळं लेबल आणि त्यावर सोनेरी अक्षरं. आत जेमतेम पाच सेंटिलिटर व्हिस्की. आपल्याकडच्या हिशेबात स्मॉल पेगला जास्त, लार्ज पेगला कमी. मोठ्या बाटलीवरचा बराचसा मजकूर या चिमुकल्या लेबलावरही दाटीवाटीने बसवलेला असतो, फक्त तो वाचायला भिंग लागतं. ते जरूर लावावं. कारण त्यातला एकेक शब्द कुठल्या तरी कायद्याने, कज्ज्याने नाहीतर धंद्यातल्या हुशारीने तिथे आणून बसवलेला आहे.

सुरुवात गावाच्या नावापासून करू: किल्मार्नॉक, स्कॉटलंड. जॉन वॉकर इथल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८०५ चा. १८१९ मध्ये वडील वारले, शेती मोडली आणि आलेल्या पैशांतून १८२० मध्ये या पोरासाठी गावात किराणा दुकान काढण्यात आलं. दुकानात इतर जिनसांबरोबर व्हिस्कीही असे. ती पिंपातून मोजून विकायची आणि एका पिंपाची चव दुसऱ्याला नाही अशी गत. गिऱ्हाईक मात्र मागच्या खेपेला नेली तीच चव मागणार. मिश्रणाची गरज उभी राहिली ती इथे, दुकानाच्या फळीवर.

'ब्लेंडेड' या शब्दामागे तर मोठं रामायण आहे. मोड आणलेल्या बार्लीपासून तांब्याच्या भट्टीत काढलेली माल्ट व्हिस्की चवीला दणकट आणि महाग. ईनियस कॉफी याने १८३०-३१ च्या सुमारास पेटंट घेतलेल्या उभ्या, अखंड चालणाऱ्या भट्टीतली ग्रेन व्हिस्की हलकी आणि स्वस्त. १८६० च्या कायद्याने या दोन्ही व्हिस्की कर भरण्याआधी, सरकारी कुलपातल्या गोदामातच एकत्र करण्याची मुभा दिली आणि धंद्याचं गणित बदललं. जॉनचा मुलगा अलेक्झांडर याने १८५७ मध्ये दुकान हाती घेतलं होतं. त्याने ही संधी ओळखली. किल्मार्नॉकला रेल्वे आलेलीच होती. त्याने गलबतांच्या कप्तानांना आपले अडते केलं आणि 'ओल्ड हायलँड व्हिस्की' परमुलखात पोचवली. चौकोनी बाटली त्याच्याच काळातली. ती खोक्यात दाटीने बसते आणि कमी फुटते. लेबल २४ अंशांनी तिरकं लावल्यामुळे अक्षरं मोठी छापता आली, शिवाय दुकानाच्या फळीवर शंभर बाटल्यांत ती बाटली उठून दिसू लागली.

तरीही मिश्रणाला व्हिस्की म्हणायचं का, हा वाद उरलाच. १९०५-०६ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात कॉफी भट्टीचा माल व्हिस्की म्हणून विकणाऱ्यांवर खटले भरले गेले आणि विक्रेते दोषी ठरले. प्रकरण रॉयल कमिशनपर्यंत गेलं. १९०९ मध्ये कमिशनने दोन्ही प्रकारांना व्हिस्की म्हणून मान्यता दिली. योगायोग असा की त्याच वर्षी वॉकर कंपनीने आपल्या मालाला लेबलांच्या रंगांवरून रेड लेबल आणि ब्लॅक लेबल ही नावं दिली. उंच टोपी घालून काठी फिरवत चाललेला गृहस्थ आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, चित्रकार टॉम ब्राऊनच्या कुंचल्यातून उतरला होता.

आता वयाकडे येऊ. काही जुन्या लेबलांवर नुसतं 'एक्स्ट्रा स्पेशल' असतं, इतरांवर '१२ वर्षं' असा स्पष्ट आकडा. हा आकडा सरासरी नव्हे. मिश्रणातला सर्वांत तरुण थेंबसुद्धा बारा वर्षं ओकच्या पिंपात राहिलेला हवा. बाकीचे थेंब वीस वर्षांचे असले तरी बाटलीवर बाराच लिहायचं. कायद्याची किमान अट तीन वर्षांची आहे आणि ती पहिल्या महायुद्धाच्या काळातली. वरची नऊ वर्षं म्हणजे कंपनीने अडकवून ठेवलेलं भांडवल. त्यात स्कॉटलंडच्या हवेत पिंपातून दरसाल सुमारे दोन टक्के माल उडून जातो. बारा वर्षांत पाचवा हिस्सा हवेला वाहिला, की मग बाटली भरायची.

आणि एवढं करून चव तीच राहायला हवी. घरचा गोडा मसाला करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको: धणे यंदाचे, खोबरं दुसऱ्या दुकानाचं, पण वास आजेसासूच्या वेळचाच आला पाहिजे. ब्लेंडर हेच करतो, फक्त पिंपांच्या राशीवर. कार्डू भट्टी वॉकरांनी १८९३ मध्ये एलिझाबेथ कमिंगकडून विकत घेतली. कार्डूचा गोडवा, कुल ईला भट्टीचा धूर, टॅलिस्करचा मिरमिरीतपणा, कॅमरनब्रिजची मऊ ग्रेन व्हिस्की. नमुन्यात पाणी घालून तो साधारण वीस टक्क्यांवर आणायचा आणि हुंगायचा. चाखण्यापेक्षा नाकाचंच काम जास्त. २०२२ पासून ही जबाबदारी एमा वॉकर यांच्याकडे आली. कंपनीतल्या त्या पहिल्या स्त्री मास्टर ब्लेंडर. आडनावाचा मात्र योगायोग, घराण्याशी नातं नाही.

संग्राहकाची नजर खिळते ती बारीक अक्षरांवर. '७० डिग्री प्रूफ' असेल तर बाटली १९८० पूर्वीची, ब्रिटिश बाजारातली. त्या वर्षापासून ब्रिटनने मद्यार्काची टक्केवारी छापायला सुरुवात केली. ७० प्रूफ म्हणजे आजचे ४० टक्के. अमेरिकेचं प्रूफ निराळं, टक्केवारीच्या बरोबर दुप्पट. त्यामुळे तिथल्या बाटलीवर ८६.८ हा आकडा दिसला तर हबकू नये. ब्रिटिश राजघराण्याला माल पुरवण्याची कंपनीची सनद १९३४ ची. राजा सहावा जॉर्ज १९५२ मध्ये वारला. सनदेच्या ओळीत त्याच्या नावाआधी 'दिवंगत' असा शब्द असेल, तर बाटली पन्नाशीच्या दशकातली धरायची.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. बाटलीत व्हिस्की मुरत नाही. पन्नास वर्षं कपाटात राहिलेली बारा वर्षांची व्हिस्की बारा वर्षांचीच राहते. उलट मिनिएचरमध्ये ती घटते. झाकण थोडं जरी सैल असलं, तरी एवढ्याशा मालातून उडालेले दोन-चार मिलिलिटर लगेच डोळ्यांत भरतात. म्हणून बाटली उभी ठेवायची आणि उन्हापासून लांब.

या बाटल्या जपण्यासाठी बनल्याच नव्हत्या. विक्रेत्याचा नमुना म्हणून, रेल्वेत, विमानात एकवेळच्या पेयासाठी त्या भरल्या जात. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात तर १९७३ पासून २००६ पर्यंत बारमध्ये मिनिएचर फोडूनच दारू द्यायची असा कायदा होता. आपल्याकडे त्यांना वेगळीच बढती मिळाली. परदेशवारी करून आलेल्या पाहुण्याने दिलेली ही बाटली अनेक मराठी घरांत शोकेसमध्ये, आग्र्याच्या ताजमहालाशेजारी जाऊन बसली. १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असलेल्या आणि दारूसाठी परवाना लागणाऱ्या राज्यात ती उघडण्यापेक्षा दाखवण्यातच मान होता.

किल्मार्नॉकचं मात्र वाईट झालं. वॉकर कंपनी १९२५ मध्ये डिस्टिलर्स कंपनीत गेली, १९८६ मध्ये डिस्टिलर्स गिनेसने घेतली आणि १९९७ मध्ये गिनेस डिआजिओत गेली. २००९ मध्ये गावातला बाटल्या भरण्याचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. हजारो लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले, पण २०१२ मध्ये कारखाना बंद पडलाच. सुमारे सातशे नोकऱ्या गेल्या. त्या जागेवर आता कॉलेज आहे आणि ब्रँडचं दिमाखदार पर्यटनगृह २०२१ पासून एडिनबरोच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर. व्हिस्कीचं वय आणि मद्यार्काचं प्रमाण सांभाळायला कायदे होते. ती भरणाऱ्या गावाला असं कुठलंच संरक्षण नव्हतं. गावाचा माग उरला तो लेबलावर. त्यामुळे जुनी मिनिएचर घेताना आधी लेबल शाबूत आहे का ते पाहावं, आतली पातळी मागाहून.