थोडे मांस, पुष्कळ शेवया : एका कढईतील रात्रीचे जेवण

काटकसर आणि कंजूषपणा यांतील भेद स्वयंपाकघरात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. कंजूष गृहस्थ ताटातील पदार्थ कमी करतो. काटकसरी गृहिणी महाग जिन्नस कमी वापरते, परंतु त्याची चव सर्व ताटभर पसरविते. ही विद्या पाहावयाची तर कोकणातील कोणत्याही साध्या घरात पाहावी. रोहे तालुक्यातील खांब हे असेच एक गाव. मुंबई-गोवा राजमार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान ते वसले आहे. या टापूत भात हे मुख्य पीक, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल, आणि खाडीकडून येणारी सुकट. मूठभर सुकट, दोन कांदे, थोडे तिखट व एखादे आमसूल एवढ्या सामग्रीवर घरातील चार माणसांचा भात आनंदाने संपतो. सुकट येथे पोट भरीत नाही, ते काम भाताचे. सुकट त्या भाताला चव देते.

हेच गणित पूर्व आशियातील कोट्यवधी घरांतून शतकानुशतके मांडले जात आहे. तेथे भाताच्या जागी पुष्कळदा गव्हाच्या किंवा तांदळाच्या लांब शेवया असतात, आणि सुकटीच्या जागी पातळ कापलेले थोडेसे डुकराचे मांस. भाजी, शेवया आणि मांस ही तिन्ही एकाच कढईत, मोठ्या आचेवर, अर्ध्या तासाच्या आत तयार होतात. शहरात नवरा-बायको दोघेही सायंकाळी उशिरा घरी परततात व बाहेरून जेवण मागविण्याचा मोह रोज होतो, अशा कुटुंबांना हा पदार्थ समजून घेण्याजोगा आहे. तो स्वस्त का पडतो, लवकर का होतो आणि बिघडतो तो कशामुळे, हे एकदा कळले म्हणजे कृती पाठ करण्याची गरज राहत नाही.

प्रथम परकेपणाचा प्रश्न. पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात लाजिया नावाच्या स्थळी उत्खननात उपड्या पडलेल्या एका मातीच्या वाडग्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्याचे वृत्त २००५ साली प्रसिद्ध झाले. चीनमधील हा पदार्थ इतका जुना आहे. तथापि पिठाचे सूत काढून शिजविण्याची कल्पना आपल्याकडेही घरोघर आहे. देशावरील गव्हाच्या शेवया आणि दक्षिण कोकणातील शिरवाळे ही तिची परिचित रूपे. शिरवाळे तांदळाच्या उकडीचे, साच्यातून दाबून काढलेले, आणि गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून खाण्याचे. आपण शेवया बहुधा गोड केल्या, चिनी लोकांनी त्या तिखटमिठाच्या केल्या, एवढाच मुख्य फरक.

चिनी पद्धतीच्या शेवया हिंदुस्थानात आल्या त्या माणसांबरोबर. कलकत्त्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोकांची वस्ती झाली. त्यांच्यातील हक्का समाजाचे नाव आज उपाहारगृहांच्या पत्रकांवर ‘हक्का नूडल्स’ या रूपाने वाचावयास मिळते. मुंबईतही गोदीजवळ माझगावला चिनी खलाशी व कारागीर राहत असत. त्यांचे १९१९ साली बांधलेले देऊळ अद्याप तेथे आहे. पुढे १९५८ साली जपानात मोमोफुकु आंदो यांनी तळून वाळविलेल्या, झटपट शिजणाऱ्या शेवया बाजारात आणल्या, आणि १९८३ च्या सुमारास तशाच शेवया ‘मॅगी’ या नावाने भारतीय घरांत शिरल्या. त्यानंतर ‘नूडल्स’ हा शब्द मराठी मुलांना शिकवावा लागला नाही.

डुकराच्या मांसाविषयी मात्र पुष्कळ मराठी घरांत संकोच आहे, आणि ज्यांच्या धर्मात किंवा कुलाचारात ते वर्ज्य आहे त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. तरी ते या भूमीला सर्वस्वी अपरिचित होते असे मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनातील पदार्थांमध्ये डुकराचे मांस भाजण्याची रीत सांगितलेली आहे. वसई व साष्टी भागांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत आणि गोव्यात सोरपोतेल, विंदालू यांसारखे पदार्थ सणासमारंभाचे भूषण मानले जातात. ज्यांना हे मांस नको त्यांनी त्याच मापाने हाडाविरहित कोंबडी घ्यावी. खांबच्या रीतीने जावयाचे असेल तर पाण्यात दहा मिनिटे भिजवून निथळलेली अर्धी वाटी सुकट घ्यावी. सोडे चवीला अधिक सरस, परंतु महाग असल्यामुळे ते काटकसरीच्या हिशेबात बसत नाहीत.

आता प्रमाण. चार माणसांसाठी पाव किलो हाडाविरहित मांस, पाव किलो कोरड्या जाड शेवया, लहान कोबीचा अर्धा गड्डा, दोन कांदे, एक गाजर, मूठभर फरसबी, आठ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले व दोन हिरव्या मिरच्या एवढे साहित्य पुरते. तेल दोन मोठे चमचे, सोया सॉस दोन मोठे चमचे, शिरका एक मोठा चमचा आणि गूळ एक लहान चमचा. शिरका नसेल तर आमसुलाचे आगळ चालते. ते बहुधा खारट असते, म्हणून तेव्हा सोया सॉस कमी करावा. मांस खांद्याच्या भागाचे घ्यावे. तो भाग सामान्यतः स्वस्त असतो, आणि त्यातील थोडी चरबी कढईत वितळल्याने तेलही कमी लागते.

पाव किलो मांस चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास साठ-बासष्ट ग्रॅम येते. तेवढेच मांस मोठ्या फोडी करून रश्शात घातले तर प्रत्येकाच्या वाटीत दोन-तीन तुकडे पडतील आणि यजमानाला संकोच वाटेल. तेच मांस बोटभर लांब व पातळ पट्ट्यांत कापले तर प्रत्येक घासात त्याचा अंश येतो. कोरड्या शेवया शिजल्यावर वजनाने दुपटीहून अधिक होतात व भाजीने ताट भरते. स्वस्ताईचे रहस्य अशा रीतीने सुरीत आहे. मांस अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवून किंचित घट्ट केले म्हणजे पातळ कापता येते. त्याच्या धाग्यांना आडवा छेद द्यावा. असे केल्याने लांब धागे तुटून तुकडा चावावयास मऊ लागतो. कापलेल्या पट्ट्यांना सोया सॉसपैकी एक लहान चमचा व एक चमचा कॉर्नफ्लोअर चोळून ठेवावे. या पिठाचा पातळ लेप मांसातील रस आत धरून ठेवतो.

शेवया भरपूर उकळत्या पाण्यात शिजवाव्या आणि पुरत्या शिजण्यापूर्वी मिनिटभर आधी चाळणीत ओतून थंड पाण्याने धुवाव्या. त्यांच्या पृष्ठभागावर सुटलेले पिठूळ सत्त्व धुऊन न काढल्यास कढईत गोळा होतो. वर चमचाभर तेल चोळून ठेवल्यास त्या परस्परांना चिकटत नाहीत. चिनी शेवयांच्या काही प्रकारांत क्षार घालतात, त्यामुळे त्यांना पिवळसर रंग व ताण येतो. पापडखाराने पापडाच्या पिठाला घट्टपणा येतो, त्याच जातीचे हे कार्य. आपल्या खिरीच्या बारीक शेवया या पदार्थाला चालत नाहीत, कारण त्या कढईत क्षणात लगदा होतात.

यापुढील सर्व यश आचेवर आणि क्रमावर अवलंबून आहे. लोखंडी कढई प्रथम कोरडीच तापवावी, मग तेल घालावे आणि तेलातून किंचित धूर दिसू लागताच अर्धेच मांस एका थरात पसरावे. मिनिटभर ते हलवू नये. मांसाला जो तांबूस रंग व खमंग वास येतो तो अन्नातील प्रथिने व शर्करा यांच्या एका रासायनिक क्रियेमुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले. ही क्रिया सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोमाने होते. पाणी तर १०० अंशांवरच उकळते. म्हणून कढईत एकदम सारे मांस लोटले की त्याला सुटलेले पाणी आटेपर्यंत उष्णता वर चढत नाही, आणि मांस परतले न जाता उकडले जाते. उपाहारगृहातील भट्टीची ज्वाला घरच्या शेगडीहून पुष्कळ मोठी असते. तिची बरोबरी घरी करावयाची तर दोन वेळा थोडे थोडे परतणे हाच उपाय.

दोन्ही वेळचे मांस ताटलीत काढून ठेवावे. त्याच कढईत आले, लसूण व मिरची अर्धा मिनिट, मग कांदा, त्यानंतर गाजर व फरसबी आणि शेवटी कोबी असा क्रम ठेवावा. ज्या भाजीला शिजावयास वेळ लागतो ती आधी, हा नियम. कोबी कुरकुरीत असतानाच शेवया व मांस घालून, सोया सॉस, शिरका व गूळ कढईच्या तापलेल्या कडेने सोडावेत आणि दोन उलथन्यांनी वर-खाली करावे. दोन मिनिटांत कढई उतरता येते. सोया सॉसमध्ये मीठ पुष्कळ असते, म्हणून निराळे मीठ चव पाहिल्याखेरीज घालू नये. रक्तदाबाच्या रोग्यांनी तर सॉसही निम्माच वापरावा.

येथवर झाली ती चवीची गोष्ट. आरोग्याची गोष्ट तिच्याहून महत्त्वाची आहे. डुकराच्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या आतड्यात शिरू शकतो. म्हणून पट्टीचा सर्वांत जाड तुकडा मोडून पाहावा, आत कच्चा गुलाबी भाग दिसता कामा नये. परंतु याहून भयंकर विकार निराळ्याच वाटेने येतो. ज्याच्या आतड्यात हा कृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतील अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा अस्वच्छ हात यांमधून दुसऱ्याच्या पोटात गेली, तर त्या कृमीच्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून अपस्माराचे झटके आणू शकतात. हा विकार ज्याने जन्मात डुकराचे मांस खाल्ले नाही अशा शाकाहारी माणसालाही होतो. तेव्हा ‘आमच्या घरी ते मांस येत नाही’ एवढ्याने कोणी निश्चिंत होऊ नये. कोबीचे पान न् पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुणे आणि शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, हे नियम प्रत्येक घराला लागू आहेत. कच्चे मांस कापलेली सुरी व फळी धुतल्याखेरीज भाजीला लावू नये.

मांस कोठून घ्यावे हाही विचाराचा भाग आहे. परवानाधारक दुकानातून, थंड जागी ठेवलेले, फिकट गुलाबी रंगाचे, पांढऱ्या चरबीचे व दुर्गंधी नसलेले मांस घ्यावे. कोकणच्या डोंगरांत रानडुकरे आहेत, आणि कोणी गुपचूप त्यांचे मांस स्वस्तात देऊ करतो. ते कधीही घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून त्यांची शिकार करणे गुन्हा आहे, शिवाय त्या मांसाची कोणतीही तपासणी झालेली नसते. काटकसरीची सीमा येथे संपते.

उरलेल्या शेवयांविषयी एक सूचना. शिजलेला भात किंवा शेवया दमट हवेत रात्रभर ओट्यावर राहिल्यास त्यांत असे जंतू वाढतात की ज्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत तापवून एकदाच संपवावे.

रोहे, पेण व अलिबागकडे हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी असे सारे भरून, मडके उपडे करून भोवती जाळ करतात. एक भांडे, एक जाळ आणि भोवती बसलेली माणसे, एवढ्यावर ते जेवण उभे राहते. शहरातील गृहिणीपाशी शेत नाही व पालाही नाही, परंतु एक लोखंडी कढई आहे. तिच्यात मांस थोडे व भाजी पुष्कळ घालावी, आच मोठी ठेवावी, आणि सारी माणसे पानावर बसल्यावरच शेवया कढईत टाकाव्या, कारण हा पदार्थ वाट पाहू शकत नाही.