संगणक-कृमी: कथेतला आणि कारखान्यातला

निघोजे-चाकण पट्ट्यातील मोटार कारखान्यांत जोडणीची साखळी पीएलसीवर, म्हणजे यंत्रांना ठरलेल्या क्रमाने हुकूम देणाऱ्या औद्योगिक संगणकांवर चालते. त्यामुळे विज्ञानकथेत वाचलेला संगणक-कृमी, अर्थात ‘वर्म’, इथे शिरला तर कारखानाच ताब्यात घेईल, असे अनेकांना वाटते. या समजुतीत कृमीला बुद्धी आणि हेतू बहाल केलेले असतात. वास्तविक तो स्वतःच्या प्रती काढत एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारा प्रोग्रॅम असतो आणि व्हायरसला लागतो तसा दुसऱ्या फाइलचा आधार त्याला लागत नाही.

कथाकारांनी त्याचे भाकीत केले, हेही अर्धेच खरे. जॉन ब्रुनर यांच्या ‘द शॉकवेव्ह रायडर’ या कादंबरीतला प्रोग्रॅम १९७५ चा, तर अर्पानेट या अमेरिकी जाळ्यावर ‘क्रीपर’ १९७१ मध्येच फिरला होता. कादंबरीने दिले ते नाव: झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील शॉक आणि हप यांनी मोकळ्या यंत्रांवर काम वाटून देणाऱ्या आपल्या प्रयोगाला ते दिले, आणि एका रात्री त्यांचाच कृमी बिघडून यंत्रे बंद पडल्याचे १९८२ च्या लेखात प्रांजळपणे नोंदवले.

कृमी सावज हेरतो, ही समजूत मात्र सर्वांत दिशाभूल करणारी आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले; या बंदरावर कोणाचाही रोख नव्हता. उलट २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ खरोखरच सावज निवडत होता, पण ती निवड माणसांनी आधीच लिहून ठेवलेली होती. इंटरनेटपासून तोडलेली यंत्रे सुरक्षित असतात हा विश्वासही त्यानेच मोडला, कारण तो पेनड्राइव्हमधूनही पसरे. भारतातील हजारो संगणकांत तो पोहोचला. तरी सीमेन्सच्या नियंत्रकांची इराणमधील नतान्झ या युरेनियम समृद्धीकरण केंद्रासारखी नेमकी रचना न आढळल्यास तो यंत्रांना धक्का लावत नसे.

ब्रुनर यांचा कृमी जाळेच बंद केल्याखेरीज मरत नाही. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’चा जागतिक फैलाव मात्र त्याच्या कोडमध्ये दडलेला एक वेबपत्ता नोंदवताच मंदावला. तोवर रेनोला आपले काही कारखाने थांबवावे लागले होते, आणि तो ज्या फटीतून शिरत होता ती विंडोजमधील फट बुजवणारे अपडेट मार्चपासून उपलब्ध होते. तरीही महिन्याभराने, जूनमध्ये, होंडाच्या जपानमधील सायामा कारखान्यात त्याच कृमीमुळे एक दिवस मोटारींचे उत्पादन बंद राहिले.