कलर कोड जुळला, दार जुळेना

दाराला पोचा पडतो, चंदेरी गाडी गॅरेजात जाते. लांबी भरून, घासून, प्रायमर मारून रंग होतो. कलर कोड अगदी तोच, तरी उन्हात ते एकच दार काळपट दिसतं. रंगाऱ्याने हलका माल वापरला, असा संशय येतो. पुष्कळदा तो अन्याय असतो.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिबारीक, चपटे कण असतात. ते पत्र्याला समांतर बसले तर समोरून झळाळतात. वेडेवाकडे पडले की छटा बदलते. स्प्रे गनमधला हवेचा दाब, गनचं अंतर, थराचा ओलेपणा यांवर हे ठरतं. म्हणून जाणता रंगारी नवा रंग शेजारच्या पत्र्यावरही विरळ करत नेतो आणि वर पारदर्शक क्लिअर कोट मारतो. बिल वाढतं, पण ते वाजवीच.

वाळवण्याचं गणितही निराळं. कारखान्यात नुसता सांगाडा असतो, तो १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजता येतो. गॅरेजात वायरिंग, प्लॅस्टिक, रबर सांभाळत साधारण ६० अंशांवर भागवावं लागतं. कसर हार्डनर भरून काढतो. त्यातल्या आयसोसायनेटने रंगाऱ्याला दमा जडू शकतो, आणि नाकाला बांधलेला रुमाल तिथे कुचकामी.